करडी, हिरवी आणि भाऊजींचा ओठ

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, झाडांचे मुके घेतात अशी त्यांची ख्याती होती. ख्याती नर्सरीच्या फाटकापर्यंतच, पण होती. कामाला नवी लागलेली मुलगी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघून तोंडावर हात धरून हसायची, दुसऱ्या दिवशी चोरून बघायची आणि मग हळूहळू तिला त्यात काही वाटेनासं व्हायचं. माणूसच इतका गंभीर, की हसणाऱ्यालाच ओशाळायला व्हायचं.

उजव्या हातात चाकू, डाव्या हातात बोटभर फांदी. चाकूने खालचं टोक तिरकं कापायचं, खालची पानं काढायची, मग डावा हात वर जायचा. शेंड्याचं पान वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला जेमतेम टेकायचं आणि फांदी खाली येऊन दोन ट्रेंपैकी एकात रोवली जायची. मग पुढची. सकाळी बाकड्यावर बसले की हेच. मधमाशीसुद्धा मध्ये कुठे टेकते, हे टेकायचे नाहीत.

आता ओठाचं तिथं काय काम, ते सांगायचं तर त्या दोन झुडपांचं आधी सांगायला हवं. दोन्ही शेवंती-झेंडूच्या गोतातली. कमरेएवढी वाढतात, वर लांब दांड्यांवर पिवळीधमक फुलं, लहान सूर्यफुलासारखी. नर्सरीच्या मालकीणबाई त्यांना युरिओप्स की काय म्हणत. आमच्या कुणाच्या जिभेला ते वळण पडलं नाही. आम्ही एकीला करडी म्हणायचो, दुसरीला हिरवी.

फुलांवरून ओळखायला जाल तर फसाल, दोघींची फुलं एका साच्यातली. फरक पानांत आणि स्वभावात. करडीचं पान पिसासारखं चिरलेलं आणि त्यावर बारीक लव, कुत्र्याच्या पिल्लाच्या कानावर असते तशी. त्या लवेनं सगळं झुडूप राख उडाल्यासारखं दिसतं. हिरवीचं पान गुळगुळीत, आत्ताच धुऊन ठेवल्यासारखं चकचकीत. हिरवी वाढते भरभर, फुलते लवकर, बघणाऱ्याचं मन तिच्यावरच बसतं. पण एक दिवस पाणी चुकलं की दुपारपर्यंत मान टाकून रुसून बसते. करडी हळू वाढते, पण एकदा जमीन धरली की कुणाकडे काही मागत नाही. ऊन, वारा, धूळ, काही येवो. उलट लाड करून रोज पाणी घालाल तर तिचं मूळ कुजतं. लाडाने बिघडणारी झाडंही असतात, मुलंच असतात असं नाही.

आणखी एक. करडीला बियांपासून पोरं जवळपास होतच नाहीत. हिरवी मात्र जिकडेतिकडे बी टाकते. पायवाटेच्या फटीत उगवेल, दुसऱ्याच्या कुंडीत उगवेल आणि सगळ्यात जास्त उगवेल ती करडीच्या आईझाडांच्या, म्हणजे ज्यांच्या फांद्या कापायच्या त्यांच्या, रांगेत. परक्याच्या घरात जाऊन बसायची हिला भारी हौस.

गिऱ्हाइकं विचारायची, "अहो, ही हिरवी म्हातारी झाली की करडी होते का?"

भाऊजी मान वर न करता म्हणायचे, "नाही. माणसंच तेवढी होतात."

तर गोंधळ असा व्हायचा. मुली सकाळी दव असतानाच फांद्या कापून आणायच्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळून बाकड्यावर आणून टाकायच्या. करडीच्या रांगेत घुसलेली हिरवीही त्यात यायची. ओली झाली की करडीची लव चिकटून बसते आणि तीही हिरवीच दिसते. पुढे धुक्याच्या खोलीत, म्हणजे जिथे दिवसभर बारीक फवारे चालू असतात तिथे, मुळं फुटेपर्यंत तर दोघी जुळ्या बहिणी. डोळ्याला कळत नाही. बोटांनी बघावं तर माळीकाम करणाऱ्याची बोटं चामड्यासारखी झालेली. अंगावरची मऊ राहिलेली जागा एकच, ओठ. ओठाला ओली लवसुद्धा कळते.

ही रीत भाऊजींनी त्यांच्या आधी त्या बाकड्यावर बसणाऱ्या उस्तादांकडून घेतली. उस्तादांची नजर गेली तेव्हा जुन्या मालकांनी त्यांना मातीच्या ढिगावर बसवलं. हा ढीग नर्सरीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे. तिथे बसून माती चाळायची आणि पिशव्या भरायच्या. कुणी अपमान केला नाही, कुणी हाकलून दिलं नाही. फक्त तिथे बसणाऱ्याला कुणी काही विचारायला जात नसे. बाकड्याशी मात्र सारखी वर्दळ, हे कसं लावायचं, ते कधी छाटायचं. ढिगावर बसल्यावर पहिल्याच दिवशी उस्तादांनी सवयीने मातीचं ढेकूळ उचललं आणि ओठाला लावलं. भाऊजींनी ते पाहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, आणि वर म्हणाले, "वहिनी, मला तिथं बसायचं नाही."

एवढंच त्यांचं मागणं. बाकी त्यांनी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. नाकासमोर चालणारा माणूस. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चपला दारात एका रेषेत. बोलण्याचं खातं त्यांनी बायकोकडे सोपवलेलं होतं आणि माझ्या जावेनं ते दोघांच्या वतीने भरपूर चालवलं. ती त्याच नर्सरीत ट्रे धुवायच्या कामाला आली आणि तिथेच त्यांचं जमलं. मी तिला एकदा विचारलं, "अगं, तो मुका माणूस तुला आवडला कसा?" तर म्हणाली, "मी त्यांना सरळ विचारलं, दिवसभर झाडांना लावलेला ओठ घरी कसा आणणार? तर म्हणाले, येताना धुतो. एवढं लांबलचक वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं."

आम्ही खाली राहायचो, ते वर. माझे हे गेल्यावर मी एकटीच खाली उरले आणि सकाळचा चहा तिघांचा माझ्याकडे ठरून गेला. म्हणून ते मला पहिल्यांदा दिसलं. भाऊजींनी कप तोंडाला लावला आणि चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर आला. त्यांनी कप खाली ठेवला, सदऱ्याकडे बघितलं, आणि ज्याने सांडला तो दुसराच कुणी असल्यासारखं गप्प बसले.

"दाढ दुखतेय," म्हणाले.

"दाढ दुखली की चहा सांडतो होय?" जाऊ म्हणाली.

"डावीकडची आहे."

तोंडाची डावी बाजू जरा ओघळलेली दिसत होती, डोळ्यालाही पाणी येत होतं. दवाखान्यात एकटेच गेले. आम्हाला दाढच सांगत राहिले. पण जावेनं सदरा धुवायला घेतला तर खिशात गोळ्या, आणि गोळ्यांवरून औषधाच्या दुकानातल्या माणसानं तिला सांगितलं, की तोंडावरून वारं गेलंय, थोडक्यात निभावलं. हळूहळू डोळा ठीक झाला, गालही वर आला. पण ओठाची डावी बाजू परत आली नाही. चहा पिताना ते कप उजवीकडून लावायला लागले. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसायचो, जणू बाहेर काही मोठं चाललंय.

बाकड्यावर मात्र त्यांनी काहीच बदललं नाही. डावा हात तसाच वर जायचा, पान ओठाच्या त्याच जागी टेकायचं, फांदी ट्रेमध्ये जायची. फक्त आता ओठ मेलेला होता आणि ठरवायचे डोळे. पान जरा जास्त चिरलेलं वाटलं की करडी, कमी वाटलं की हिरवी. बऱ्याचदा बरोबर यायचं. बऱ्याचदा म्हणजे नेहमी नव्हे.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण माझी जाऊ. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मधल्या काळात माझा गुडघा बदलला. चालायला शिकायचं म्हणजे या वयात चेष्टाच, पण शिकावं लागलं. जाऊ रजा घेऊन माझ्याजवळ राहिली. मला उठव, बसव, रागाव, सगळं तिने केलं. नेमकी तेव्हाच नर्सरीत मोठी मागणी आली. बसच्या आगाराला कुंपणाच्या भिंतीलगत लांबच लांब पट्टी लावायची होती. तिथे नळ नाही, सावली नाही, दिवसभर गाड्यांचा धूर. मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "करडी लावू. पहिले काही दिवस टँकरने पाणी घालू, पुढे तुम्ही तिकडे बघायचंसुद्धा नाही." भाऊजींनी फांद्या रोवल्या, मुळं फुटली, रोपं हिरव्या जाळीखाली वाढली. हिरव्या जाळीखाली सगळंच हिरवं. मागणी घाईची होती, रोपं तशीच गेली आणि भिंतीलगत लागली.

उन्हात नवी पानं फुटली तशी करडी करडी झाली. आणि मध्ये मध्ये हिरवी हिरवीच राहिली.

भाऊजी कामावरून येताना आगारावरून बसने यायचे. त्यांना ते खिडकीतून दिसलं असणार. घरी येऊन काही बोलले नाहीत. न बोलणं त्यांचं नेहमीचंच, त्यामुळे आम्हाला काय कळणार? पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाच्या आधीच ते पाण्याचे दोन कॅन घेऊन बाहेर पडायला लागले. मी खिडकीत काठी धरून व्यायाम करायचे, मला दिसायचं. विचारलं तर म्हणाले, "फिरायला जातो."

"कॅन घेऊन?"

"तोल राहतो."

टँकर बंद झाला होता. ऊन वाढत होतं. हिरवी दुपारी माना टाकायला लागली होती. एखादी वाळून गेली असती तर कुणी येऊन बघितलं असतं, बघितलं असतं तर कळलं असतं, कळलं असतं तर ढीग. म्हणून हा सत्तरीचा माणूस हिरवी शोधून शोधून तिच्या मुळाशी पाणी ओतत होता. आगारातले ड्रायव्हर त्यांना ओळखायला लागले. एक म्हणायचा, "बाबा, आमच्या गाडीतही टाका दोन घोट, तापलीय!" दुसरा म्हणायचा, "बाबा, तुम्ही अमुकच झाडांना पाणी घालता, बाकीच्यांशी भांडण आहे का?" हे मला त्या ड्रायव्हरनेच पुढे सांगितलं. भाऊजींकडून यातलं अक्षर निघणं शक्य नव्हतं.

जाऊ पुन्हा कामावर जायला लागली होती. एकदा भाजी निवडता निवडता मी तिला म्हटलं, "अगं, तुझे हे रोज पाणी घेऊन जातात कुठे?"

तिने सुरी खाली ठेवली. "आगारात. मी मागे जाऊन बघितलं."

"मग बोल ना काहीतरी."

"काय बोलू? बोलले तर सगळंच बोलावं लागेल." आणि मग तिने सांगितलं. चहा सांडल्याच्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ट्रे धुवायच्या निमित्ताने मागे थांबायची. भाऊजींनी दिवसभरात रोवलेला एकेक ट्रे उचलून तोंडाशी धरायची, माऊथ ऑर्गन वाजवावा तसा, आणि ओळीने ओठ फिरवत जायची. चुकीची फांदी लागली की उपटून त्याच भोकात दुसऱ्या ट्रेमधली बरोबरची रोवायची. कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं समोर ट्रे धुता धुता बघितलेलं.

"आणि त्यांना पत्ता नाही?"

"ताकास तूर लागू दिलेली नाही, ताई. त्यांना वाटतंय, डोळ्यांनी जमतंय. वाटू दे की. आगाराच्या वेळी मी तुमच्याजवळ होते, तेवढंच राहिलं."

मी गुडघ्याकडे बघितलं. त्याला काय बोलणार!

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण त्यांना उघडं पाडलं ते कौतुकानं. आगारप्रमुखांनी मालकीणबाईंना फोन केला. तक्रार करायला नाही, आभार मानायला. "तुमचा माणूस म्हणजे सोनं आहे हो! तुम्ही म्हणालात पाणी लागणार नाही, तरी रोज सकाळी स्वतः कॅन घेऊन येतो."

मालकीणबाई फोन ठेवून विचारात पडल्या. करडीला पाणी?

त्या दिवशी त्या मला व्यायामाच्या दवाखान्यात सोडणार होत्या. मधूनमधून सोडायच्या, बाई मनाने चांगली. गाडीत मागे मी आणि जाऊ, पुढे भाऊजी. "वाटेत आगार बघून जाऊ," मालकीणबाई म्हणाल्या. भाऊजींची मान मागून दिसत होती. ती मुळीच हलली नाही.

आगारात उतरलो. भिंतीलगत पट्टी पसरलेली. हिरवी झुडपं टेचात उभी, चकचकीत, वर फुलंही आलेली. आणि त्यांच्या शेजारच्या करड्या खालून पिवळ्या पडत चाललेल्या. पाणी काही एका झाडाच्या मुळाशी थांबत नाही, उताराने शेजारणीकडे जातं. हिरवीला जगवता जगवता भाऊजींनी करडीला बुडवलं होतं. मालकीणबाईंनी वाकून एक करडी धरली आणि ओढली. ती अलगद हातात आली. मूळ काळं पडलेलं.

तेवढ्यात एका बसच्या खिडकीतून ड्रायव्हर ओरडला, "काय बाबा, आज पाणी नाही? आज सगळं सासर घेऊन आलात!"

कुणी हसलं नाही तसा तो आत गेला.

"हे काय झालंय?" मालकीणबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण विचारलं भाऊजींनाच.

भाऊजींनी तोंड उघडायच्या आत जाऊ पुढे झाली. "माझी चूक आहे, बाई. मी रजेवर होते."

"तुमची कशी? बाकड्यावर तर हे असतात."

"हे असतात. मी ट्रे धुते."

"मग?"

"धुवायच्या आधी बघते." असं म्हणता म्हणता तिचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला.

मग काही सांगायचं उरलं नाही. भाऊजी तिच्याकडे वळले. "काय बघतेस?"

"तुम्ही लावलेलं."

"केव्हापासून?"

"चहा सांडला तेव्हापासून."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू हिलाही ओठ आहे हे त्यांना आजच कळत होतं. मग म्हणाले, "आणि या वेळी?"

"या वेळी ताईंचा गुडघा होता."

"हो, आता माझ्या गुडघ्यावर येऊ दे सगळं," मी म्हटलं. "त्यानं काय ओठ लावायचे होते?"

मालकीणबाईंनी मेलेली करडी भिंतीशी ठेवली. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मातीवर बसवलं असतंत," भाऊजी म्हणाले.

बाईंनी हाताची माती झटकली. "हो," म्हणाल्या. "बसवलं असतं."

मला ते आवडलं. दुसरी कुणी असती तर "छे छे, असं कसं" म्हणाली असती आणि पुढच्या महिन्यात बसवलं असतं.

पुढच्या सोमवारी भाऊजी आपणहून ढिगावर जाऊन बसले. बाकड्यावर जाऊ. आमच्या घरी सकाळचा चहा इतका शांत झाला, की मला घड्याळाचा आवाज नकोसा व्हायला लागला. भाऊजी मातीची नखं घेऊन यायचे, नीट धुवायचे, जेवायचे. कुठे कुरकुर नाही. ढिगावर त्यांच्याकडे खरंच कुणी जात नसे. एकदा मी विचारलं, "कसं वाटतं तिथं?" म्हणाले, "माती बरी आहे." मातीला काय झालं होतं?

इकडे जावेचा ओठ पक्का, पण चाकू कच्चा. ट्रे धुण्यात आयुष्य गेलेलं. तिच्या हातून फांदीचं टोक कापलं न जाता चेचलं जायचं. धुक्याच्या खोलीत तिच्या निम्म्या फांद्या खालून काळ्या पडून बसल्या. मालकीणबाई येऊन ट्रे बघायच्या, काही न बोलता जायच्या, आणि ते न बोलणं जावेला जास्त लागायचं.

"चाकू हातात बसत नाही," ती एकदा चहाच्या वेळी म्हणाली, हवेला सांगितल्यासारखं.

भाऊजींनी तिचा चाकू मागून घेतला आणि धार लावून ठेवला. "आता बसेल."

नाही बसला. धारेचा प्रश्नच नव्हता. दुपारी जाऊ हातातलं काम टाकून उठली आणि टाकीपलीकडे ढिगाशी गेली. तिथल्या मुलींनी मला हे इतक्यांदा सांगितलंय, की मी तिथे होते असंच मला वाटतं.

"उठा. हात धुवा."

"मालकीणबाईंनी बोलावलंय?"

"मी बोलावतेय. मी काय रस्त्यावरची आहे?"

"बाकडं एकाचंच आहे."

"फळी टाकलीय."

खरंच टाकली होती. बाकड्याच्या डाव्या अंगाला पॅकिंगच्या खोक्याची फळी ठोकून तिने आपली जागा वाढवून घेतली होती. भाऊजींनी हात धुतले, नखं बघितली, बसले. चाकू हातात घेतला. पहिलं टोक असं उतरलं म्हणतात, की शेजारची मुलगी काम थांबवून बघत राहिली. डावा हात सवयीने वर निघाला, थेट ओठाकडे. जाऊ ओरडली, "इकडे!" हात हवेत थांबला, वळला आणि फांदी तिच्याकडे गेली. तिने ओठाला लावली. "हिरवी." ट्रेमध्ये रोवली.

बरेच दिवस त्यांचा हात आधी स्वतःच्याच ओठाकडे जायचा आणि बरेच दिवस तिला "इकडे!" करावं लागायचं. मुलींना तर पर्वणीच. एक म्हणाली, "मावशी, आधी काका एकटेच मुके घ्यायचे, आता तुम्हालाही लावलं कामाला!" जाऊ म्हणाली, "त्यांनी कापायचं, मी घ्यायचे. लग्नात हे ठरलं नव्हतं." भाऊजी हसले म्हणे. मी पाहिलं नाही, पण मुली खोटं कशाला सांगतील?

मालकीणबाईंनी दोन-तीन दिवस येता-जाता बघितलं. मग एक दिवस फळीच्या जागी पक्कं बाकडं आलं, आधीच्यापेक्षा लांब, आणि दोन उंच स्टुलं. माती चाळायला दुसरी सोय झाली.

मला एक गोष्ट राहून राहून छळत होती. मी भाऊजींना विचारलंच. "अहो, ओठ डावीकडचाच गेला ना? उजवीकडचा तर चांगला होता. कप तिकडून लावत होता. मग पानही तिकडून लावायचं. एवढा खटाटोप कशाला?"

ते म्हणाले, "वहिनी, बाकड्यावर इतकी वर्षं हात डावीकडे गेला. एक दिवस उजवीकडे गेला असता, तर सगळ्यांनी विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

"काय झालं म्हणून."

एवढ्यासाठी आगारभर पाणी घातलं त्या माणसानं! मी कपाळावर हात मारून घेतला. पण खोटं नाही सांगत, मला ते कळलंही.

आगाराची पट्टी नंतर नीट झाली. हिरवी झुडपं मुळांसकट मातीचा गोळा धरून उचलली आणि गाड्या धुतात त्या जागेमागे लावली. तिथे दिवसभर पाणी वाहतं, ती तिथे माजलीत. भिंतीलगत सगळी नवी करडी लागली. फुलांच्या दिवसांत बसमधून बघितलं तर दोन्हीकडे सारखंच पिवळं दिसतं. माणसं "वा!" म्हणतात आणि तिकीट काढतात.

पण हिरवी गप्प कशी बसेल? तिचं बी वाऱ्याने भिंतीपर्यंत येतंच. करड्यांच्या मध्ये तिची बारकी रोपं डोकावायला लागतात. भाऊजी सुट्टीच्या दिवशी जाऊन ती उपटून येतात. कुणी सांगितलेलं नाही, आगारवाल्यांना तर ती रोपं परकी आहेत याचा पत्ताही नाही.

परवा मी व्यायामाला चालले होते, आता एकटी जाते. बस आगारात थांबली आणि मला ते भिंतीशी दिसले. वाकले होते. एक रोप उपटलं, उभे राहिले आणि पान ओठाला लावलं. उजवीकडे. सावकाश. मग रोप पिशवीत टाकलं आणि पुढचं उपटलं, तेही लावलं.

आता करडी बियांपासून उगवत नाही, म्हणजे भिंतीशी उगवलेलं प्रत्येक रोप हिरवीचंच असणार. तपासायचं काही कारणच नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी प्रत्येक रोप वर जात होतं, उजव्या ओठाला टेकत होतं आणि खाली येत होतं. शेजारी एक ड्रायव्हर चहा पीत उभा होता, त्याने ढुंकूनही बघितलं नाही. तिथे त्यांना बाजू का बदलली म्हणून विचारणारं कोण होतं?

मी खिडकीवर टकटक करणार होते. मग म्हटलं, राहू दे.